गोदामातली सीतादही

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. तोंडावर रुमाल धरूनसुद्धा हसायचं नाही! कारण या प्रकरणात माझी जी शोभा झाली ती अख्ख्या तालुक्यात वाटून उरली. थोडी अजून घरी शिल्लक आहे. बायको सणासुदीला पाहुण्यांपुढे काढते.

तर मी अभिरक्षक. म्हणजे संग्रहालयातल्या वस्तूंची राखण करणारा माणूस. यवतमाळच्या कळंब रोडला कापसातली सरकी काढायचं एक बंद पडलेलं जिनिंग आहे, त्याच्या गोदामात आमचं संग्रहालय. आता संग्रहालय म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे तलवारी, तोफा, कुठल्यातरी सरदाराची पगडी आली असणार. तसलं काही नाही. आमच्याकडे कापड आहे, खाणं आहे, आणि माणसं ज्यापासून वस्तू करतात तो माल आहे. अंबाडीचा वाख, पळसाच्या मुळ्यांचा दोर, लाख, वाळलेली मोहफुलं, कुरडया, सांडगे, आणि ज्वारीच्या अशा अशा जाती की ज्यांची नावं आता फक्त बरणीवरच्या चिठ्ठीलाच ठाऊक.

"कुरडयांचं म्युझियम!" म्हणून लोक हसायचे. हसू द्या. तोफ सांभाळणं सोपं असतं हो! तोफेला कीड लागत नाही. तोफ उंदीर नेत नाही. आणि तोफ पाहून कोणी "एक तळून पाहू का जी?" असं विचारत नाही.

कापडाचं तर विचारूच नका. आमच्याकडे तांड्यावरचा एक घागरा आहे, एका गोरमाटी, म्हणजे बंजारा, आजीच्या आजीचा. आरसे, कवड्या, आणि टाके असे की उलटा धरला तरी सुलटी बाजू कोणती ते ओळखू येऊ नये. कापडाची घडी एकाच जागी राहिली की ते तिथंच उसवायला लागतं, म्हणून अधूनमधून सगळं उलगडून घड्या बदलाव्या लागतात. तो घागरा उलगडला की खिडकीतला उजेड त्या आरशांवर पडतो आणि सगळ्या गोदामाच्या पत्र्यावर बारीक बारीक चांदण्या हलायला लागतात. भर दुपारी! मी आणि आमचा देवराव, दोघंही तोंड उघडं टाकून वर बघत राहतो.

देवराव म्हणजे आमचा मदतनीस, चौकीदार, सुतार आणि उंदरांचा जाहीर शत्रू. घागरा निघाला की हा चपला काढतो. एकदा मी विचारलं, "देवराव, चपला काहून काढल्या?"

"मले काय मालूम जी," तो म्हणाला. "पाय आपोआपच बाहेर येते."

आता मुद्द्यावर येतो. गोदाम होतं आमच्या ट्रस्टच्या अध्यक्षांचं, अण्णासाहेबांचं. माणूस दिलदार, पण त्यांना त्या जागेत लग्नाचा हॉल दिसायला लागला होता. यायचे, पत्र्याकडे बघायचे, "इथं झुंबर," म्हणायचे. माझ्या धान्याच्या बरण्यांच्या मांडणीपुढे उभे राहून म्हणायचे, "इथं नवरानवरीचा सोफा."

"आणि हा घागरा, या बरण्या, हे सगळं कुठं जाईल अण्णा?"

"आमच्या माडीवर जागा आहे ना! पलंगाखाली."

पलंगाखाली! मला त्या रात्री जेवण गेलं नाही. खोटं सांगत नाही, दोनच पोळ्या खाल्ल्या.

शेवटी तोड निघाली. पुण्याहून एक बाई येणार होत्या. देशोदेशीची संग्रहालयं पाहिलेल्या, मोठ्या जाणकार, अण्णांच्या व्याह्यांच्या ओळखीतल्या. अण्णांनी जाहीर केलं, "त्या बाई म्हणाल्या की हे ठेवण्यासारखं आहे, तर गोदाम तुमचं. मी पुन्हा झुंबराचं नाव काढणार नाही. पण त्यांनी नाक मुरडलं, तर तुळशीचं लग्न लागलं की इथं माणसांची लागतील!"

झालं. आता त्या बाईंना असं काहीतरी दाखवायचं होतं की त्यांची बोलतीच बंद झाली पाहिजे. मी ठरवलं, गोदामाच्या मधोमध वावराचा एक कोपरा उभा करायचा. कापसाचा. तोही देशी कापसाचा.

तुम्ही म्हणाल, यवतमाळात कापूस दाखवणार? अहो, पण वर्षं कोणती ती पाहा! ती बोंडअळीची वर्षं. वरून हिरवंगार बोंड, फोडलं की आत गुलाबी अळी राजेशाही थाटात झोपलेली. रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूला पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उभी, आणि पांढरं टिपूस नाही. लोकांनी उभ्या पिकात गुरं घातली होती. कापसाच्या जिल्ह्यात कापूस बघायला मिळत नव्हता, म्हणजे विचार करा!

आणि देशी कापूस तर त्याच्याही आधीच गेलेला. खूप शोधाशोध केली तेव्हा कळलं की झरी जामणीकडं कोलाम आदिवासींच्या एका पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, एक म्हातारा वावराच्या धुऱ्याला आपल्या दिवावातीपुरती देशी पऱ्हाटी लावतो. मी आणि देवराव मोटारसायकलवर गेलो. म्हाताऱ्यानं बांधावर नेऊन दाखवली, आणि काय सांगू! लहानखुरी झाडं, बोंडं माना खाली घातलेली, आणि त्यातून लोंबणारा कापूस असा की सकाळच्या उन्हात त्याच्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागावेत. अळी? औषधाला नाही. मी त्या कापसाला हात लावायचा विसरलो. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा कशाला तरी हात लावायचा विसरलो असेन!

म्हाताऱ्यानं मोठ्या मनानं दहाबारा झाडं मुळासकट उपटून दिली. ती देवरावनं मागं बसून छातीशी धरली. पण आमच्या जिल्ह्यातले रस्ते तुम्हाला माहीत आहेत का? नाहीत? मग तुमचे मणके शाबूत असतील. घरी पोचेपर्यंत बोंडं देवरावच्या सदऱ्यात आणि काड्या देवरावच्या हातात!

पुढचा पंधरवडा मी काय करत होतो, सांगू? एकेक बोंड काडीला परत लावत होतो. काही डिंकानं, काही सुईदोऱ्यानं. निसर्गानं जे काम उन्हापावसात सहज केलं होतं ते मी पंख्याखाली बसून करत होतो, आणि घाम मला फुटत होता. पण जमलं! खाली काळी माती पसरली, तास पाडले, म्हणजे ओळी आखल्या, पऱ्हाटी उभी केली. शेजारी देवरावनं प्लास्टरचा एक म्हातारा बनवून बसवला, कापसाची सरकी काढत असलेला. त्याला देवरावनं कापसाच्याच पांढऱ्याशुभ्र मिशा, दाढी आणि भुवया लावल्या. इतका हुबेहूब की पहिल्या दिवशी आमच्या दूधवाल्यानं त्याला रामराम घातला.

एवढ्यावर थांबलो असतो तर आज तुमच्यापुढे मान वर करून चहा प्यायलो असतो. पण नाही! मला वाटलं, यात जीव नाही. माणसं हवीत. आणि मला सीतादही आठवली.

आमच्याकडे पहिल्या वेच्याच्या दिवशी, कापसाला कोणी हात लावायच्या आधी, वावराच्या कोपऱ्यात पाच दगड मांडतात. त्यांना हळदीकुंकू, दहीभाताचा नैवेद्य, तोच दहीभात पऱ्हाटीवर शिंपडायचा, आणि मग वेचणीला हात घालायचा. ती सीतादही. वाटलं, पुण्याच्या बाईंपुढे हे झालं की संपलं! झुंबर गेलं भंगारात.

म्हणून मी शांताबाईकडे गेलो. शांताबाई म्हणजे शेजारच्या गावातल्या वेचणाऱ्या बायांच्या टोळीची पुढारी. उंच, काळीसावळी, आणि बोलणं असं की समोरच्याच्या डोक्यावरची टोपी न हलवता आतलं डोकं हलावं.

"शांताबाई, सीतादही करायची आहे."

"कोनाच्या वावरात?"

"माझ्या."

"तुमाले वावर कवापासून झालं सर?"

"आहे ना! गोदामात."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या घराच्या दिशेनं पाहिलं, बायकोला निरोप धाडावा की काय अशा विचारानं.

"खरी पऱ्हाटी आहे शांताबाई. देशी."

"देशी?" तिच्या हातातला अंगण झाडायचा खराटा थांबला. "बोंडं फुटली?"

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव! मला कोणी लक्ष देऊन ऐकतंय म्हटलं की माझ्या बोलण्याला खत पडतं. "फुटली? अहो, लदबदली आहे! अळी एक दाखवा, मिशी उतरवून देतो. असा कापूस तुमच्या टोळीनं किती वर्षांत पाहिला नसेल. पांढरा म्हणजे असा पांढरा की आत दिवा लावायची गरज नाही!"

"मंग कसं करायचं म्हन्ता?"

"वावरात करता ना, तसंच्या तसं. नाटक अजिबात नको. खरं झालं पाहिजे."

शांताबाईनं जरा विचार केला. म्हणाली, "आमच्या टोळीतल्या अर्ध्या बाया बुद्धविहारात जातेत जी. त्या पूजेले हात नाई जोडत. पन वेच्याले त्याहीचाच हात सगळ्यात साफ हाय. त्याहीले आनू का नको?"

हे वाक्य ऐकून एखादं लहान पोर सावध झालं असतं. मी म्हणालो, "आणा! सगळ्यांना आणा!" माझ्या डोळ्यांपुढे भरलेलं गोदाम होतं. बाकी काही नव्हतं.

ठरलेला दिवस उजाडला. अण्णा बाईंना आणायला पहाटेच गेले होते. इकडे ट्रॅक्टरची ट्रॉली येऊन थांबली आणि त्यातून बाया उतरायला लागल्या. मी चारपाच जणींची अपेक्षा केली होती. त्या उतरतच राहिल्या! म्हाताऱ्या, सुना, लेकी. मी मोजायचं सोडून दिलं आणि देवरावला म्हणालो, "चहाचं पातेलं बदल."

प्रत्येकीनं साडीवरून जुना सदरा चढवलेला, डोक्याला फडकं, आणि कमरेला कापूस टाकायची मोठी ओटी बांधलेली. मी खूश! "व्वा, काय वेशभूषा केलीय शांताबाई! अगदी बारकाईनं!"

"मंग? कामाले अशाच येतो आमी," शांताबाई म्हणाली.

मी हसलो. ती का हसली नाही, हा विचार मला शिवला नाही.

दहा वाजले. बाईंचा पत्ता नाही. अण्णांचा फोन आला: वाटेत कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला थांबलोय, बाईंना देऊळ फार आवडलंय, येतोच. इकडे शांताबाई दारातून उन्हाकडे बघत होती.

"सर, ऊन चढून राह्यलं. सीतादही कवा करा लागते, ऊन तापायच्या आंधी. हे का लग्न हाय, मामा आला नाई म्हनून थांबाले?"

मी म्हटलं, चला, एकदा होऊन जाऊ द्या. रंगीत तालीम! बाई आल्या की पुन्हा करू.

पुन्हा करू म्हणे. देवाधर्माच्या गोष्टीला मी नाटकाचा पहिला अंक समजलो होतो.

मी पाच गुळगुळीत दगड धुऊन, पुसून, ओळीत मांडून ठेवले होते. शांताबाईनं ते पायानं नाही, हातानंच, पण बाजूला सारले आणि अंगणातून पाच दुसरे आणले. मातीचे, ओबडधोबड. ते पऱ्हाटीच्या बुडाशी मांडले. कुंकवाचं बोट टेकवलं. पळसाच्या पानावर दहीभात ठेवला. आणि बघा, एवढ्या बाया, पण आवाज गेला. ट्रॉलीतून उतरल्यापासून एकीचं तोंड बंद नव्हतं. सुना सासवांना, सासवा सुनांना, सगळ्या मिळून देवरावला बोलत होत्या. आता पत्र्यावरून खार पळाली तिचे पाय ऐकू आले.

ज्या हात जोडणार नव्हत्या त्या मागं भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले नाहीत. पण डोक्यावरचं फडकं नीट केलं आणि त्या कापसाकडं अशा बघत होत्या, अशा, की मला एकदम वाटलं, मी इथं आगंतुक आहे.

शांताबाई हळूच म्हणाली, मला नाही, त्या झाडाला, "औंदा कोनाच्याच वावरात बलावलं नाई आमाले. सीतादहीच झाली नाई. आज झाली माय."

तिनं दहीभात चारी बाजूंना शिंपडला. एक शित माझ्या बुटावर पडलं. मी ते पुसलं नाही. मी इतकी वर्षं कापसाचं कापड घडी करतो, उलगडतो, त्याला निंबाचा पाला घालतो. पण कापसाकडे असं बघताना मी कोणाला पाहिलं नव्हतं.  देवरावकडे पाहिलं तर त्याचे पाय अनवाणी.

मग शांताबाई वाकली. एका बोंडातला कापूस तिनं अलगद काढला, कपाळाला लावला आणि ओटीत टाकला.

मी मनात म्हणालो, व्वा! काय शेवट आहे! टाळ्या वाजवायला हातही उचलले.

"चला वो बायाहो!" शांताबाई ओरडली. "तास धरा आपापले!"

आणि अख्खी टोळी वाकली.

अहो, तुम्ही कापूस वेचणाऱ्या बाईचे हात कधी जवळून पाहिलेत का? डोळ्याला दिसत नाहीत! दोन्ही हात वेगवेगळ्या झाडांवर, नजर तिसऱ्याच झाडावर, आणि तोंड शेजारणीशी. बोंडात बोटं जातात, कापूस बाहेर, पाचोळ्याचा कण नाही, ओटीत! किती महिने ते हात रिकामे बसले होते. पावसाळ्यात नाला सुटावा तसे ते सुटले. मी जागच्या जागी खिळलो. एक क्षण, खरं सांगतो, मी विसरलो की तो माझा कापूस आहे. इतकं ते देखणं होतं!

दुसऱ्या क्षणी आठवलं.

"अहो! अहो, थांबा! वेचायचा नाही तो!"

"मंग सीतादही कायले केली?" एक म्हातारी न थांबता म्हणाली. मी तिच्या आणि झाडाच्या मधे हात घातला. तिनं तो बाजूला सारला.

"माय वो, हा कापूस तं सुटूनच नाई राह्यला!"

"ओढ जोरानं! वाळला असन."

"अवो, इथं तं दोरा बांधला हाय बोंडाले!"

"दोरा?" एक सून मागं सरली. "करनी-बिरनी तं नाई ना कोनी केली वावरावर?"

"करनी नाई वो," शांताबाई म्हणाली. "सरनं बांधला."

"काहून?"

"शिकेल मानूस हाय तो. करते काईबी."

भिंतीवर माझ्या हातची पाटी होती, 'वस्तूंना हात लावू नये'. तिच्यावर कोणीतरी डब्याची पिशवी अडकवली होती. दहाबारा झाडं अशी कितीशी पुरणार? माझ्या पंधरवड्याचं पीक तुमचा हा कप रिकामा व्हायच्या आत संपलं. पण हात चालू झाले होते, ते थांबेनात. ज्यांच्या वाट्याला झाड आलं नव्हतं त्या इकडे तिकडे बघायला लागल्या. आणि एका आजीला प्लास्टरचा म्हातारा दिसला.

"हा बाबा काऊन एवढा कापूस घिऊन बसला?"

"आजी, नको!"

पहिल्यांदा उजवी मिशी गेली. मग डावी. मग दाढी एका झटक्यात. देवराव "माह्या म्हातारा! माह्या म्हातारा!" करत धावला, पण तोवर भुवयासुद्धा ओटीत गेल्या होत्या. आमचा म्हातारा चकचकीत टकलानं आणि गुळगुळीत गालांनी, लग्नाला उभ्या राहिलेल्या नवरदेवासारखा बसून होता.

आणि दारात गाडीचा हॉर्न वाजला.

मी बायांना अडवायला पळालो की बाईंना अडवायला, ते आता आठवत नाही. दोन्हीकडे एकदम पळालो असेन. दहीभातावर पाय पडला. पुढचं मला देवरावनं सांगितलं: मी घसरत गेलो ते थेट दारापर्यंत, आणि पुण्याच्या बाईंच्या पायांशी, दोन्ही हात पुढे, नाक जमिनीला, साष्टांग!

वर पाहिलं. चष्म्याआडून दोन शांत डोळे माझ्याकडे पाहत होते. मागं अण्णा, हातात देवळातला प्रसाद, चेहऱ्यावर झुंबर लखलखलेलं.

"हा कार्यक्रमाचाच भाग आहे का?" बाईंनी विचारलं.

आता तुम्हीच सांगा, जमिनीवर पालथा पडलेला माणूस काय म्हणेल?

"हो," मी म्हणालो. "स्वागत."

"अच्छा." त्या मला ओलांडून आत गेल्या आणि थांबल्या. मी तसाच मान वळवून पाहत होतो. समोर सगळ्या बाया, पाठी ताठ करत, ओट्या फुगलेल्या, चेहरे फुललेले. एकमेकींचा कापूस बघत होत्या, हातात घेऊन ताणून बघत होत्या, "किती चिवट तार हाय पाह्य!" म्हणत होत्या. पाच दगडांपुढे नैवेद्य. मागं नागडी पऱ्हाटी. आणि वर, कोणीतरी घाईत उलगडून ठेवलेल्या घागऱ्यावरचं फडकं सरकवलं असावं, पत्र्यावर त्या बारीक चांदण्या हलत होत्या.

बाईंनी वर पाहिलं. मग त्यांनी चपला काढल्या.

मी देवरावकडे पाहिलं. देवराव माझ्याकडे पाहून म्हणाला, "पाहा. मी म्हनत होतो न?"

"हे..." बाई सावकाश म्हणाल्या, "हे मी जगात कुठं पाहिलेलं नाही. प्रदर्शनातली वस्तू लोकांच्या हाती द्यायची, ती संपू द्यायची! हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

माझ्या कपाळाला भात होता. गुडघा सोलला होता. आणि अण्णा दारात उभे होते. अशा वेळी खरं बोलायला संत लागतो. मी तसा नव्हतो.

"मुद्दामच!" मी उठून अंग झटकत म्हणालो. "आमचा विचारच असा आहे बाई. वस्तू कपाटात मेली तर ती राखली कशाला? पीक येतं, पीक जातं, पुन्हा येतं!" माझ्या तोंडून एकेक वाक्य असं पडत होतं की मलाच पाठ करून ठेवावंसं वाटत होतं. अण्णा म्हणाले, "मला तर कधी बोलला नाहीत," तर मी म्हणालो, "अण्णा, करून दाखवायच्या गोष्टी आधी बोलायच्या नसतात!"

"आणि म्हातारा?" बाईंनी विचारलं. "त्याला दाढी-मिशी का नाही?"

"तोही... वेचला जातो."

"विलक्षण!" बाई म्हणाल्या. त्यांनी अण्णांकडे वळून सांगितलं, हे मोडाल तर पाप लागेल, माझी माणसं मी मुद्दाम हे बघायला पाठवीन. अण्णांचं झुंबर तिथंच विझलं. दिलेला शब्द मात्र त्यांनी पाळला. म्हटलं ना, माणूस दिलदार. गोदाम वाचलं. घागरा वाचला, कुरडया वाचल्या. माझ्या छातीत नगारे वाजत होते.

आणि तेव्हा बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला. अगदी सहज.

"हे किती वेळा होतं इथं?"

"वर्षातून एकदा," असं म्हणायचं होतं हो मला! दोन शब्द होते. पण खत पडलं होतं ना बोलण्याला!

"दर बुधवारी!" मी म्हणालो.

देवरावच्या हातातलं पातेलं खाली पडलं, ते आवाज करत पार म्हाताऱ्याच्या पायापर्यंत गेलं.

बाईंनी आपला शब्द खरा केला. बुधवार आला की कोणी नागपूरहून येतं, कोणी पुण्याहून, एकदा तर परदेशातले दोघं आले आणि वणीकडच्या धुळीनं लाल झालेले डोळे पुसत उभे राहिले. शांताबाईची टोळी ट्रॉलीतून येते, आळीपाळीनं तास धरते. पूजा तिनं पुन्हा केली नाही. "सीतादही एकदाच होते सर, तिचं काय नाटक करता?" एवढंच म्हणाली. पण वेचा करते. बाया हसतात, बोलतात, वेचलेला कापूस माझ्या टेबलावर ओततात, चहा पितात, कुरडयांकडे बघून "या आमच्यासारख्या नाई जमल्या" म्हणतात आणि जातात. तेवढी कपाळाला लावलेली पहिली मूठ शांताबाईनं घरी नेली ती नेलीच. ती मी मागितली नाही.

आणि मी? वेचलेला कापूस बुधवारीच झाडाला परत जात नाही हो आपोआप! गुरुवारपासून मंगळवारपर्यंत मी बोंडांत कापूस भरून एकेक बोंड काडीला लावत बसतो. मग देवराव म्हाताऱ्याला मिशा लावतो. साऱ्या मुलखात माणसं झाडावरचा कापूस खाली काढतात. खालचा कापूस झाडावर चढवणारा पृथ्वीच्या पाठीवर मी एकटाच असेन!

उन्हाळा लागला. वावरात शेवटचा वेचा संपून पऱ्हाटी उपटायला घेतली की त्याला आमच्याकडे उलंगवाडी म्हणतात. हंगाम आटोपला, हात मोकळे. त्या आठवड्यात सोमवारी दुपारी शांताबाई सहज डोकावली. मी मातीत फतकल मारून बसलो होतो. ती कमरेवर हात ठेवून बराच वेळ माझं काम पाहत राहिली. मग अगदी मायेनं म्हणाली,

"सर, साऱ्या जिल्ह्याची उलंगवाडी झाली जी. तुमची कवा व्हाची?"

 माझ्या दोन्ही हातांत बोंडं होती, आणि दोरा दातांत.